टेबलावरून खिशात : प्रोसेसर आणि विजेचा हिशेब

चेन्नईच्या दक्षिण भागात, गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, १९५९ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था, मद्रास ही वसलेली आहे. तेथे प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली ‘शक्ती’ नावाचे प्रोसेसर आखण्यात आले. प्रोसेसर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञा क्रमाने वाचून त्या पार पाडणारी चिप. ‘शक्ती’ ही अशी एकच चिप नसून ते एक कुटुंब आहे. आणि त्यातील अगदी लहान, मंद व अल्प वीज घेणाऱ्या सभासदांनाही आखणाऱ्यांनी मोठ्यांइतकेच महत्त्व दिले आहे. जो वेगवान तोच श्रेष्ठ, असे ज्या धंद्यात तीसहून अधिक वर्षे मानले गेले, त्यात हा पालट कसा घडला?

१९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिचे घड्याळ सेकंदाला सात लक्षांहून थोडे अधिक ठोके देई. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ चे ठोके सेकंदाला ३८० कोटींवर पोहोचले. मात्र ती चिप शंभर वॅटांहून अधिक वीज खाऊ लागली. टेबलावरील संगणकात पंखा बसवून ही उष्णता बाहेर घालविता येते. खिशात पंखा कोठून आणावयाचा? आजच्या मोबाइलच्या बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. शंभर वॅटांची चिप ती नऊ मिनिटांत संपवील!

येथे एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. चिपमधील गळती वगळल्यास, लागणारी वीज ही ठोक्यांच्या संख्येच्या आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ठोके निम्मे केले आणि दाबही निम्मा केला, तर वीज एक-अष्टमांश लागते. काम दुप्पट वेळ चालते हे खरे, तथापि अशा दोन चिपा जोडीने राबविल्या, तर तेच काम तेवढ्याच वेळात आणि एक-चतुर्थांश विजेत उरकते. एका चिपवर अनेक गाभे बसविण्याची प्रथा रुजली ती मुख्यत्वे याच कारणाने. २००४ सालीच इंटेलने ‘तेजस’ ही अधिक वेगवान चिप अर्ध्यावर सोडून दिली.

अल्प विजेची वाट मात्र त्याआधीच सापडलेली होती, आणि तीही काहीशी अनपेक्षितपणे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ साली ‘आर्म’ चिप सिद्ध केली. ती टेबलावरच्या संगणकासाठीच होती; स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसावी, म्हणून तिची उष्णता कमी राखणे भाग होते. चाचणीच्या वेळी वीजमापकाचा काटा शून्यावरच राहिला. शोध घेता कळले की, चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती. पुढे मोबाइल आले, तेव्हा ही काटकसर कामी आली. इंटेलने २००६ साली आपला मोबाइल-प्रोसेसरांचा व्यवसाय विकला, ‘ॲटम’ घेऊन पुन्हा त्या क्षेत्रात पाऊल टाकले, आणि २०१६ मध्ये मोबाइलसाठीच्या त्या चिपांचा नाद सोडला.

आर्मची आखणी वापरावयाची तर परवान्याचे शुल्क पडते. उलट कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात २०१० साली सुरू झालेली ‘रिस्क-फाइव्ह’ ही आज्ञावली सर्वांस खुली आहे. चेन्नईच्या संशोधकांनी हीच निवडली. २०१८ साली ‘शक्ती’ची एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने तयार झाली, तर दुसरी चंडीगढच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने. २०२० ची ‘मूषिक’ आणि २०२५ साली इस्रोच्या सहकार्याने सिद्ध झालेली ‘आयरिस’ याही चंडीगढच्याच.

आता वरील नियम पुन्हा लावून पाहावा. १८० नॅनोमीटरच्या चिपला साधारणतः १.८ व्होल्ट दाब लागतो. मोबाइलच्या चिपा एका व्होल्टच्या आत चालतात. दाब दुप्पट, म्हणजे केवळ त्या कारणाने वीज चौपट. शिवाय ट्रान्झिस्टर मोठे, तो भार वेगळाच. विजेचे मीटर, ओळखपत्रे किंवा अवकाशयान यांना हे चालते. मोबाइलला चालत नाही. त्यासाठी चेन्नईत काढलेला नकाशा अद्याप परदेशच्या कारखान्यातच धाडावा लागेल.