बाणाच्या टोकाला वजन लावण्याआधी

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्यावर विश्वविजेते झाले, आणि जुन्नर-आंबेगावच्या पोरांना कंपाउंडची ओढ लागली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, त्यामुळे ही ओढ आणखी वाढेल. मी घोडेगाव परिसरात मुलांचा सराव घेतो. या उत्साहाबरोबर मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून एक सल्लाही आमच्या मैदानावर आला: कार्बनच्या बाणाला पुढून वजन वाढवा, बाण सरळ जातो. या सल्ल्यापायी एका मुलाचा हात रक्तबंबाळ झालेला मी पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हा सल्ला मुळात शिकारीच्या जगातला आहे. अमेरिकेत परवाना काढून धनुष्यबाणाने मोठी हरणं मारतात. तिथल्या डॉ. एड अॅशबी यांनी आफ्रिकेत जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेतल्या आणि पुढून जड असलेला बाण हाडातून जास्त आत जातो, असं मांडलं. हाडाच्या बाबतीत ते खरं असेल. आमच्या मुलांसमोर मात्र फोमचं टार्गेट असतं, त्यात हाड नाही. तरीही पुढचं वजन निरुपयोगी नाही. मेअखेरीस घाटाकडून पश्चिमेचं वारं सुटतं तेव्हा पुढून थोडा जड बाण कमी भरकटतो. किती जड आणि कुठल्या काडीवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, हे मात्र त्या व्हिडिओंत कोणी नीट सांगत नाही.

हात रक्तबंबाळ झालेला तो मुलगा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातला. चाळीस पाउंडांचं कंपाउंड, ५०० स्पाईनची (ताठपणाच्या मापाची) काडी, १०० ग्रेनचा पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक. बाण चांगले जात होते. मग त्याने कुरियरने २०० ग्रेनचे पॉइंट मागवले आणि जुन्यांच्या जागी फिरवून बसवले. पहिल्याच दिवशी बाणाची शेपटी हवेत वळवळताना दिसली. धनुष्यात जोर कमी पडतोय असं समजून त्याने पाउंडेज, म्हणजे ओढीचा जोर, वाढवलं. त्यातला एक बाण टार्गेटखाली मुरमात आपटला, दिसायला धड होता म्हणून पुन्हा भात्यात गेला. पुढच्या फेरीत तोच बाण सुटताना मोडला आणि कार्बनचे तंतू त्याच्या डाव्या हातात घुसले.

त्याने केलेल्या दोन्ही गोष्टींनी काडीवरचा ताण वाढला होता. काडीचा स्पाईन मोजताना २८ इंचांच्या अंतरावरच्या दोन टेकूंवर ती ठेवतात आणि मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगतात. ती अर्धा इंच वाकली तर स्पाईन ५००. आकडा लहान तेवढी काडी ताठ. हा झाला स्थिर मोजमापाचा आकडा. धनुष्यातून सुटताना दोरी मागून ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ घेतं आणि या दोघांच्या मध्ये काडी वाकते. टोक जड केलं की ती जास्त वाकते, पाउंडेज वाढवलं की आणखी वाकते. म्हणजे तीच ५०० ची काडी सुटताना मऊ काडीसारखी वागते. त्या मुलाच्या आज्याला हे सांगावंही लागलं नाही. तरुणपणी तिरकामठा वापरलेला तो ठाकर म्हातारा मोडलेला बाण हातात घेऊन एवढंच म्हणाला, "फाळ जड लावायचा तर बांबू जाड बघायचा, पोरा."

आता जरा हिशोब. ग्रेन हे फार लहान माप आहे, १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत. पण २८ इंची, इंचाला ९ ग्रेनची काडी घ्या. पिसं, नॉक (दोरीत अडकणारं मागचं टोक), १५ ग्रेनचा इन्सर्ट (पॉइंट फिरवून बसवायची नळी) आणि १०० ग्रेनचा पॉइंट धरून बाण साधारण ४०० ग्रेनचा होतो. तो बोटावर तोलून धरा. नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून काडीची निम्मी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागून शंभराने गुणा. उत्तर ११ टक्क्यांच्या आसपास येईल. पॉइंट २०० ग्रेनचा केला की तेच उत्तर १९ टक्क्यांवर जातं. टार्गेटसाठी १० ते १६ टक्के पुरतात. शिवाय वेग सुमारे दहावा हिस्सा घटतो, आणि साईट न हलवता ५० मीटरवर मारलेला बाण दोनेक फूट खाली लागतो. त्या मुलाचा बाण मुरमात आपटला तो याचमुळे.

वजन वाढवायचंच असेल तर १० ते २५ ग्रेनच्या टप्प्याने वाढवा. आधी काडी बनवणाऱ्याच्या तक्त्यात तुमचं पाउंडेज, काडीची लांबी आणि नव्या पॉइंटचं वजन घालून बघा. तक्ता ४०० ची काडी सांगत असेल तर ५०० च्या काडीवर प्रयोग करू नका. रिकर्व्ह धनुष्यवाल्यांनी दोन-तीन बाणांची पिसं काढून पिसांच्या बाणांबरोबर १८ मीटरवर मारून पाहावेत. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनपिसांचे बाण उजवीकडे गेले तर काडी मऊ पडते आहे, डावीकडे गेले तर ताठ आहे. काडी कापून ताठ करता येते, पण बाण पूर्ण ओढल्यावर रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे निदान इंचभर काडी उरलीच पाहिजे. आखूड बाण रेस्टवरून घसरला तर तो थेट धनुष्य धरलेल्या हातात जातो.

काही मुलं काडीत खिळ्याचे तुकडे भरून एम-सील लावतात. हे मी मैदानावर अजिबात चालू देत नाही. तो तुकडा मधोमध बसत नाही, आणि बाण सुटताना सैल होऊन मागे सरकतो. पितळी इन्सर्ट किंवा त्यामागे फिरवून बसवायची वजनं मिळतात, तीच घ्या. तुकडे मोडून हलका करता येणारा पॉइंट घेतलात तर आधी अखंड वापरून बघा, कारण मोडलेला तुकडा परत जोडता येत नाही. गरम करून लावायचा गोंद असेल तर ऊब पॉइंटला द्या, काडीला कधीच नको. कार्बनचे तंतू रेझिनने बांधलेले असतात आणि ते रेझिन उष्णतेने खराब होतं. काडी कापताना तोंडाला मास्क लावा.

प्रत्येक फेरीनंतर बाण तपासा. दोन्ही टोकं धरून काडी हलकी वाकवा, गोल फिरवत पुन्हा वाकवा, कान देऊन करकर ऐका. इन्सर्टच्या मागच्या दोन इंचांवरून नख फिरवा. जड टोकाचा बाण दगडावर आपटला की सगळा धक्का याच जागी बसतो आणि चीर इथूनच मागे धावते. शंका आली तर तो बाण मोडून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून मारणार नाही. एका बाणाच्या किमतीकडे बघून थांबू नका. तुकडा हातात घुसलाच तर घरी सुईने उकरू नका. डॉक्टरांना कार्बन आहे हे आवर्जून सांगा, कारण एक्स-रेमध्ये तो नीट दिसत नाही.

शिकारीची पाती तर आणूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीला कलम ९ ने बंदी आहे, मारण्याचा नुसता प्रयत्नही शिकारीतच मोडतो, आणि त्या कायद्याने केलेल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरला तरी वनखात्याकडे अर्ज करायचा, धनुष्य काढायचं नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली काही गावं १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात येतात. तिथे आगाऊ परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, म्हणून तिकडच्या मुलांची धनुष्यं मी सरावाच्या जागीच कुलपात ठेवतो.

हरवलेल्या बाणांचंही सांगायला हवं. आमच्या मैदानांच्या कडेला ऊस असतो आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो. दिवस कलल्यावर उसात गेलेला बाण शोधायला कोणालाही पाठवू नका. सकाळी उजेडात दोन मोठ्या माणसांनी जाऊन शोधावा, आणि शोधावाच, कारण उसाचं वाढं जनावरांना जातं आणि कडबाकुट्टीत सापडलेला कार्बन चाऱ्यात मिसळला की तो वेचून काढता येत नाही. मोडलेल्या बाणाचे सगळे तुकडे जुळवून काडीची लांबी पुरी होते का ते पाहा. एखादा तुकडा कमी भरला, तर तो मिळेपर्यंत आसपासचं गवत कापू देऊ नका.