दस्त नोंदला म्हणजे सुटलो असं नाही

तालुक्याच्या कोर्टात जमिनीची कामं करणाऱ्या वकिलांचं डोकं गेल्या काही वर्षांत एकाच कायद्यानं उठवलंय. 1947 चा तुकडेबंदी कायदा. शिकाऊ होतो तेव्हा आमचे सीनियर तो दोन वाक्यांत उरकायचे: प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून शेतजमीन विकता येत नाही, विकलीत तर कलम 9 आहेच, व्यवहार रद्दबातल. तेवढ्यावर वर्षानुवर्षं भागलं.

मग 12 जुलै 2021 ला नोंदणी महानिरीक्षकांचं परिपत्रक आलं आणि मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदणं थांबलं. 5 मे 2022 ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक आणि त्याला आधार असलेला नोंदणी नियमांमधला उपनियम रद्द केला. त्या संध्याकाळी फोन खाली ठेवायला सवड नव्हती. "वकीलसाहेब, गुंठेवारी सुरू झाली ना?"

त्या लाटेत एका निवृत्त एसटी चालकानं गावाबाहेर दोन गुंठे घेतले. दस्त नोंदला गेला, पेढे वाटले. पुढे फेरफार मंडळ अधिकाऱ्यांनी नामंजूर केला, तेव्हा ते इंडेक्स टूची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. "सरकारनंच शिक्का मारलाय, आता सरकारच नाही कसं म्हणतं?" सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव. दस्त करून देणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, नोंदणी झाली की झालं.

झालं नव्हतं. खंडपीठानं रद्द केलं ते परिपत्रक आणि तो उपनियम; तुकडेबंदी कायद्याला हात लावला नव्हता. नोंदणी कार्यालयात दस्त स्वीकारला जाणं वेगळं आणि व्यवहार कायद्यात बसणं वेगळं. हा फरक पक्षकाराला माहीत नसतो, आपल्याला असायला हवा. कोणताही बदल कानावर आला की आधी विचारावं, हा कागद कोणता? विधानसभेतली घोषणा, खात्याचं परिपत्रक, राज्यपालांचा अध्यादेश, की राजपत्रात आलेला अधिनियम? चारींचं वजन वेगळं. अध्यादेश तर विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत कायद्यात उतरला नाही तर आपोआप संपतो.

घोषणेवर विसंबणाऱ्यांचे हाल मी 2025 मध्ये पाहिले. जुलैमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून एजंट "कायदाच गेला" म्हणत प्लॉट दाखवू लागले. प्रत्यक्ष अध्यादेश नोव्हेंबरात आला, आणि त्यात नियमित करायचे व्यवहार होते 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले. घोषणा ऐकून साठेखत केलेले त्या मुदतीबाहेर. त्यातल्या एकानं मला बातमीचं कात्रणच पुरावा म्हणून आणून दिलं. बिचारा!

शुल्काचं तेच. 2017 च्या दुरुस्तीनं नियमितीकरणाला बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं, पुढच्या वर्षी माफ झालं. आधी भरलेले आता वकिलाला विचारतात, थांबायला का नाही सांगितलंत? उद्याचा अध्यादेश कुणाला दिसतो! म्हणून माझ्या शोध अहवालाच्या शेवटी हल्ली एक ओळ असतेच: "हा अभिप्राय अमुक तारखेस अमलात असलेल्या तरतुदींवर आधारित आहे." सोबत त्या दिवशीच्या राजपत्राची छापील प्रत फाइलला. व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ नव्हे; तिच्यात निम्म्या वेळा मागचं पान गायब असतं.

प्रमाणभूत क्षेत्राचंही पाठांतर सोडा. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे केले, तरी जुने दलाल अजून अकरा गुंठ्यांचाच हिशेब सांगतात. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, सातबाऱ्यावर अकरा नावं, हद्द कुणाचीच नाही. एकाला विकायचं झालं की दहा जणांच्या सह्या गोळा करत फिरायचं, आणि त्यातला एक हमखास दुबईला असतो. असला दस्त करून द्यायला मी नकार देतो. फी जाते, जाऊ दे.

नव्या वकिलांना एवढंच सांगणं आहे. पक्षकार समोर बसला की पहिल्यांदा व्यवहाराची तारीख विचारा, मग तो नोंदणीकृत आहे की नोटरीवरचा, मग जमीन विकास आराखड्यात कोणत्या झोनमध्ये येते. नियमितीकरण शुल्क माफ म्हणजे मुद्रांक शुल्क माफ नव्हे, हे फी ठरवायच्या आधी बजावा. आणि "तहसीलमधून करून देतो" असा शब्द कुणालाही देऊ नका.