छपराचे दोन शत्रू

वैशाख सरत येतो, रोहिणी नक्षत्र लागते, आणि मुखेड तालुक्यातील गावांत जुन्या घरांच्या छपरांवर माणसांची लगबग दिसू लागते. कोणी शिडीवरून मातीच्या पाट्या वर चढवतो, कोणी फावड्याने ती माती पसरतो, तर कोणी धुमसाने ठोकून ती सारखी करतो. मृगाच्या सरी येण्यापूर्वी हे काम उरकले पाहिजे, अशी सर्वांना घाई असते. ज्या छपरावर ही माणसे उभी असतात, त्याला मराठवाड्यात माळवद असे म्हणतात. सिमेंटची व पत्र्याची घरे वाढल्यामुळे माळवदे आता कमी झाली आहेत. तरी जुन्या वस्तीत ती अजून पाहावयास मिळतात.

माळवदाची रचना मोठ्या विचाराने केलेली असते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांचे किंवा काटक्यांचे किलचन, त्यावर पाला अथवा गवत, आणि सर्वांच्या वर मातीचा जाड थर. या जाड थरामुळे उन्हाळ्यातही घर थंड राहते. मात्र ही माती शेतातील नसते. काळी माती भिजली की फुगते व वाळली की तिला भेगा पडतात. आणि छपराला पडलेली भेग म्हणजे पावसाला उघडे ठेवलेले दारच होय. म्हणून माळवदावर चोपण, पांढरट माती घालतात. ती भिजली की तिचे बारीक कण सुटे होतात, मातीतील छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बुजवतात. आपल्या वाडवडिलांना हे ज्ञान पुस्तकांतून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मिळाले.

माळवद सपाट दिसत असले, तरी त्याला एका बाजूस किंचित उतार दिलेला असतो. उताराच्या टोकाला पन्हाळ बसवलेली असते. छपरावरचे पाणी या पन्हाळीतून भिंतीपासून दूर पडते. परंतु पन्हाळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला किंवा गवत उगवले, तर पाणी तुंबते. तुंबलेले पाणी स्वस्थ बसत नाही. ते हळूहळू खाली झिरपते, किलचन भिजवते आणि कड्या कुजवते. लाकूड आतून कुजत असता घरातील माणसांना त्याचा पत्ताही नसतो. अडलेले पाणी हा छपराचा पहिला शत्रू होय.

हा शत्रू केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांच्या थंड भागांत हिवाळ्यात छपरांवर बर्फ साचते. घरातील उबेने छपराच्या वरच्या भागातील बर्फ वितळते. ते पाणी ओघळत छपराच्या कडेशी येते. कड भिंतीच्या बाहेर असल्यामुळे ती थंडगार असते. तेथे येताच पाणी पुन्हा गोठते. असे होता होता कडेवर बर्फाचा बांधच तयार होतो. मग मागून येणारे पाणी त्या बांधामागे तुंबते आणि छपराच्या फटींतून घरात शिरते. म्हणून तेथील लोक घरातील ऊब छपरापर्यंत पोहोचू नये अशी व्यवस्था करतात आणि लांब दांड्याच्या खोऱ्याने कडेवरचे बर्फ ओढून काढतात. पन्हाळीतील पाचोळा काय किंवा कडेवरचा बर्फाचा बांध काय, दोहोंचा अपराध एकच. दोघेही पाण्याची वाट अडवतात.

छपराचा दुसरा शत्रू आहे साठत जाणारा भार. हिमाचल प्रदेशातील लाहौल आणि स्पिती या भागांत जुनी घरे आपल्या माळवदासारखीच सपाट व मातीच्या छपराची असतात. तेथे बर्फ पडले की लोक छपरावर चढून ते फावड्याने खाली लोटतात. ताजे, भुसभुशीत बर्फ हलके दिसते. पण त्याच्या एका घनमीटराचे वजन सुमारे 100 किलोग्रॅम भरते, आणि ते दबून घट्ट झाले की वजन तिपटीहूनही अधिक होते. वेळीच ते काढले नाही, तर छप्पर खचते.

आपल्याकडे बर्फाचा भार नाही. पण मातीचा आहे, आणि तो बर्फासारखा वितळून जात नाही. एक हिशेब करून पाहा. एक खोली 4 मीटर लांब व 3 मीटर रुंद आहे. तिच्या माळवदावर दरवर्षी 2 सेंटिमीटर जाडीची माती घातली आणि त्यातील निम्मी पावसात वाहून गेली, तर 1 सेंटिमीटर माती उरते. ठोकलेल्या कोरड्या मातीच्या एका घनमीटराचे वजन सुमारे 1,600 किलोग्रॅम धरले, तर या थराचे वजन 192 किलोग्रॅम होते. वीस वर्षांत ते 3,840 किलोग्रॅम होईल. म्हणजे मूळचे छप्पर तेच, खांब तेच, तुळया तर आणखी जुन्या झालेल्या. आणि त्यांच्या डोक्यावर जवळजवळ चार टनांचे नवे ओझे! पावसात माती भिजली म्हणजे हे ओझे आणखी वाढते.

या ओझ्याचा भयंकर अर्थ 1993 साली उमगला. त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे, लोक गाढ झोपेत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तिच्या आसपासच्या गावांना भूकंपाचा तडाखा बसला. सुमारे 8,000 माणसे मृत्युमुखी पडली. जाडजूड दगडी भिंती चिखलात रचलेल्या होत्या, त्या ढासळल्या. कित्येक माळवदांवर वर्षानुवर्षे साठलेली मातीही कोसळली, आणि दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली माणसे गाडली गेली. ज्या छपराने ऊन अडवले, पाऊस अडवला, त्याच छपराचे ओझे जिवावर बेतले. त्यानंतर जुन्या घरांच्या बळकटीसाठी तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले, त्यांत छपरावरील जादा माती उतरवून ते हलके करणे आणि भिंतींत ठिकठिकाणी आरपार दगड बसवणे, हे उपाय महत्त्वाचे होते.

यावरून माळवदाचा नियम सहज ध्यानात येतो. नवी माती वर चढवण्यापूर्वी जुनी सैल माती खाली उतरवावी. थर वाढवू नये, तो बदलावा. भेगा बुजवाव्या, उगवलेले गवत मुळासकट काढावे आणि पन्हाळीचे तोंड मोकळे करावे. ही सर्व कामे मोठ्या माणसांनी आणि तीही कोरड्या दिवसांत करावयाची आहेत. भिजलेल्या माळवदावर कोणीही चढू नये.

मुलांनीही एक काम अवश्य करावे. ते म्हणजे डोळे उघडे ठेवणे. झडीचा पाऊस लागला असता छतातून माती गळू लागली, तुळई वाकलेली दिसली, कड्या करकरू लागल्या किंवा भिंतीला फुगवटा आला, तर ही घराची हाक आहे असे समजावे. वडीलधाऱ्यांना तत्काळ सांगावे. त्या खोलीत कोणी झोपू नये. सर्वांनी सुरक्षित जागी जावे आणि ग्रामपंचायतीला कळवावे. सामान मागाहून आणता येते. गेलेला जीव आणता येत नाही.

तुमचे घर सिमेंटचे असेल, तरी हा धडा तुमच्यासाठी आहे. गच्चीवरील पाण्याचे नळ पाचोळ्याने बुजले, तर तेथेही पाणी तुंबते. गच्चीवर अडगळ साठवली, तर तेथेही भार वाढतो. छप्पर आपल्याला वर्षभर सांभाळते. वर्षातून एक दिवस आपण त्याला सांभाळले पाहिजे.

अभ्यास

1. माळवदावर काळी माती का घालत नाहीत?
2. पन्हाळीतील पाचोळा आणि छपराच्या कडेवरील बर्फाचा बांध यांत कोणते साम्य आहे?
3. ‘थर वाढवू नये, तो बदलावा,’ असे लेखक का म्हणतो?
4. आपल्या घराचे छप्पर वडीलधाऱ्यांबरोबर खालून नीट पाहा. त्यावरील पाणी कोठून जाते, ते पाच-सहा ओळींत लिहा.