घरातील फेफरेकरी लेकरू

पाठ : मार्क ९:१४–२९

या उताऱ्यातील बाप आपल्या ओळखीचा आहे. त्याच्या मुलास बाळपणापासून झटके येत. ते भुईवर पडे, तोंडास फेस येई, आणि कित्येकदा ते विस्तवात व पाण्यात पडले होते. मत्तयाने याच दुखण्यास फेफऱ्याचे नाव दिले आहे. ख्रिस्ताने आईबापांचे पाप शोधिले नाही. हे केव्हापासून होते, एवढेच विचारिले. बापानेही मुलापुरती दया न मागता आपणा सर्वांसाठी मागितली. दुखणे एका लेकराच्या देहात असते, पण ते सारे घर भोगते. म्हणून साह्यही साऱ्या घरास पाहिजे, हा या पाठाचा बोध आहे.

१. दुखणे ओळखावे. फेफरे, मिरगी किंवा आकडी हा मेंदूचा विकार आहे. जन्मकाळी श्वास कोंडणे, डोक्यास मार लागणे, मेंदूज्वर, किंवा फीतकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून वा न धुतलेल्या भाजीतून पोटात जाणे, ही त्याची काही कारणे होत. पुष्कळदा कारण सापडतही नाही. तो स्पर्शाने किंवा उष्ट्याने लागत नाही. उताऱ्यात दुरात्म्याचा उल्लेख आहे म्हणून कोणी लेकरास बांधील, मारील किंवा मिरचीची धुरी देईल, तर त्यास येथे आधार नाही. ख्रिस्ताने त्या मुलास हात धरून उठविले. भूत काढण्याच्या नावाने असा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

२. झटका आला असता लेकरास एका कुशीवर वळवावे व डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. हातपाय दाबून धरू नयेत; तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा अथवा चप्पल हुंगविल्याने काही होत नाही. झटका ५ मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. चूल, विहीर व शेततळे यांजवळ अशा लेकरास एकटे सोडू नये.

३. औषध नियमाने द्यावे. योग्य औषधाने १० पैकी सुमारे ७ रोग्यांचे झटके थांबू शकतात. परंतु चार महिने झटका आला नाही म्हणून घरच्यांनीच गोळी बंद केली, तर पूर्वीपेक्षा भारी झटके येऊ शकतात. गोळी केव्हा थांबवावी हे डॉक्टरांनीच ठरवावे. भूम, वाशी, कळंब या बाजूंची जी कुटुंबे ऊसतोडीस जातात, त्यांनी निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या व औषधाची चिठ्ठी बरोबर घ्यावी. कोयता विसरत नाही, तशी गोळीही विसरू नये.

४. भार वाटून घ्यावा. बहुतेक घरी रात्री जागते ती आईच, आणि बोल लागतो तोही तिलाच. हे बरे नव्हे. बापाने गोळीची वेळ सांभाळावी. आजीने दुपारी लेकराजवळ बसावे. भावंडांस दुखणे समजावून सांगावे व त्यांच्या वाट्याची माया उणी पडू देऊ नये. गुरुजींस सांगून लेकरास शाळेत ठेवावे. आईचे मन फार खचले, तर १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीत विनामूल्य सल्ला मिळतो.

५. मंडळीचे कर्तव्य. उताऱ्यातील मूल त्याच दिवशी उठले. आपल्या गावच्या लेकरास वर्षे लागतील. म्हणून त्या घराचा विश्वास कमी पडला, असे कोणी म्हणू नये. त्या बापाने आपला अविश्वासही उघड बोलून दाखविला, तरी त्यास परत पाठविले नाही. आमची उपदेशक बंधूंस विनंती आहे की, त्या घरी प्रार्थना अवश्य करावी, आणि गोळी दिली की नाही हेही विचारावे. प्रार्थना व औषध यांत वैर नाही. एखाद्या बहिणीने बाजाराच्या दिवशी दोन तास लेकरू सांभाळले, तर तीही सेवाच होय.

मननासाठी प्रश्न : (१) आपल्या गावात असे घर कोणते, व तेथे आपण शेवटचे केव्हा गेलो? (२) तेथील कोणता भार आपणांस या आठवड्यात उचलता येईल?