उपासमारीची खूण नातवंडांत उतरते का?

प्रश्न : आजीने दुष्काळात उपासमार सोसली. त्याचा परिणाम आमच्या जनुकांवर झाला असेल का?

उत्तर : उपासमारीने जनुकांची रचना बदलत नाही, बदलतात त्यांवरच्या रासायनिक खुणा. जनुक किती काम करेल, हे त्या ठरवतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली. तेव्हा आईच्या पोटात आलेल्या बाळांच्या ‘आयजीएफ-२’ या वाढीच्या जनुकावर साठ वर्षांनंतरही भावंडांपेक्षा कमी मिथाइल-खुणा (अशाच रासायनिक खुणा) आढळल्या. मात्र ती बाळे स्वतःच पोटात उपाशी होती; त्यामुळे खूण नातवंडांत उतरल्याचा हा पुरावा नव्हे. पुढच्या पिढीला जन्म देणाऱ्या बीजपेशी घडताना अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. वनस्पती, सूत्रकृमींत काही खुणा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. माणसांत तसा ठोस पुरावा नाही. त्यामुळे घाबरू नका. घरातल्या गर्भवतीला मात्र पोटभर, सकस जेवण मिळू द्या.