शाळेचे दार आणि शाळेतील जागा

सार्वजनिक खर्चाने चालणारी शाळा नेमकी कोणाची, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. नेहमीची फी भरण्यास तो तयार होता. परंतु एका मुलाखातर इतर सर्वांना शाळा निरुपयोगी होऊ देणे योग्य नव्हे, असा निर्वाळा मुंबई सरकारने दिला. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात, हे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये स्पष्ट केले; तथापि ते तत्त्व वर्गापर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागली.

म्हैसूर संस्थानात हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऐरणीवर आला. कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या कारकीर्दीत १९१३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९१६ साली विद्यापीठ स्थापन झाले. अस्पृश्य मुलांसाठी, म्हणजे तत्कालीन भाषेत 'पंचमां'साठी, संस्थानात स्वतंत्र शाळा होत्या. त्या उपयुक्त होत्या, हे खरे. पण स्वतंत्र शाळा म्हणजे समान शाळा नव्हे. पुढे सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या करण्यात आल्या, तेव्हा सवर्ण पालकांकडून विरोध झाला. दार उघडण्याचा हुकूम एका दिवसात निघू शकतो; बाकावर शेजारी बसण्याची सवय मात्र हुकमाने लागत नाही.

प्रवेशाच्या प्रश्नामागे नोकरीचा प्रश्न उभा होता. लोकसंख्येत पाच टक्क्यांहूनही कमी असलेल्या ब्राह्मण समाजाकडे संस्थानातील बहुसंख्य वरिष्ठ पदे होती. याचा विचार करण्यासाठी १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सात वर्षांच्या आत निम्मी वरिष्ठ व दोन तृतीयांश कनिष्ठ पदे ब्राह्मणेतर समाजांना मिळावीत, अशी शिफारस तिने केली. दिवाण विश्वेश्वरय्या यांना हे धोरण मान्य नव्हते. राखीव जागांमुळे कारभाराची गुणवत्ता घसरेल, आधी शिक्षणाचा प्रसार व्हावा, असे त्यांचे मत होते. ते १९१८ मध्ये पदावरून दूर झाले. त्यांचा आक्षेप प्रामाणिक होता. परंतु ज्याला शाळेतच घेतले नाही त्याच्या गुणवत्तेची परीक्षा कशी घ्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

मराठी वाचकाला येथे कोल्हापूरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारली, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्यास फर्माविले. शाळा, निवारा आणि पुढील उपजीविका या तीन गोष्टी एकत्र बांधल्याखेरीज समान संधी हे शब्द पोकळ राहतात, हे त्यांनी ओळखले होते.

म्हैसूरच्या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'ब्राह्मणेतर' या एकाच शब्दाखाली जमीनदार समाज आणि भूमिहीन अस्पृश्य एकत्र आले; साहजिकच अधिक बलवान गट पुढे सरकले. स्वातंत्र्योत्तर काळात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बालाजी खटल्यात म्हैसूर राज्याचे ६८ टक्के राखीव जागांचे धोरण रद्द केले आणि केवळ जात हाच मागासलेपणाचा निकष धरण्यास हरकत घेतली. १९७२ मध्ये नेमलेल्या हावनूर आयोगाने १९७५ मध्ये अहवाल देताना मागास समाजांची वर्गवारी केली, ती याच अनुभवातून.

या इतिहासाचा बोध साधा आहे. पटावर कोणाची नावे आहेत एवढेच पाहून शाळेची परीक्षा होत नाही. पटावरील मूल कोठे बसते, कोणाबरोबर जेवते, मधेच शाळा सोडते काय, हेही पाहावे लागते. धारवाडच्या त्या मुलाने मागितला होता तो केवळ प्रवेश. आपण त्याला देणे लागतो ती जागा.