इन्सिन्युएशन : अर्थ आणि वाङ्मयीन उपयोग

‘इन्सिन्युएट’ या इंग्रजी क्रियापदासाठी आपण ‘सुचवणे’ हा प्रतिशब्द वापरतो. तो अपुरा आहे. मूळ लॅटिन ‘सिनुस’ म्हणजे वळण, बाक. वळणे घेत आत शिरणे हा या क्रियापदाचा मूळ अर्थ होय. कोणाच्या मर्जीत हळूच शिरकाव करून घेणे, हा अर्थही इंग्रजीत टिकून आहे.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पाहा. डेस्डिमोनाशी बोलत असलेला कॅसिओ ऑथेल्लोला पाहून निघून जातो. हे आपल्याला रुचले नाही, एवढेच इयागो पुटपुटतो. विचारताच ‘काही नाही’ म्हणून टाळतो. पुढे ऑथेल्लोचेच शब्द तो प्रश्नासारखे परत उच्चारतो आणि थांबतो. आरोपाचे वाक्य ऑथेल्लोच्या मनातच जुळते. म्हणून त्याला ते खोडता येत नाही आणि इयागोला कानांवर हात ठेवता येतात. (नंतर इयागो उघड खोटेही बोलतो; पण तोवर संशय रुजलेला असतो.)

याला ‘टोमणा’ म्हणू नये. टोमणा ज्याला मारायचा त्याला लागावा लागतो. ‘लेकी बोले सुने लागे’ यातही सून ऐकत असते. येथे डेस्डिमोनाला पत्ताही नसतो. ‘कान भरणे’ जवळचे खरे. परंतु कान भरणारा बोलून मोकळा होतो. मला ‘आडून किल्मिष पेरणे’ अधिक योग्य वाटते.

गो. ब. देवल यांनी हे नाटक ‘झुंझारराव’ (१८९०) या नावाने मराठीत आणले. त्यातील संशय पेरण्याचा प्रसंग वाचा आणि अर्धवट सोडलेली वाक्ये नोंदवा.